सातव्या घरातला प्लूटो

माझ्या भाचीचं लग्न प्लूटोमुळे अडलं. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिते आहे, कारण आमच्या घरात ते अगदी सरळ चेहऱ्याने बोललं गेलं. मी जबलपूरच्या एका शाळेत उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवलं, पण त्याचा माझ्या सख्ख्या घरावर काडीचाही परिणाम झालेला नाही, हे त्या दिवशी पुन्हा कळलं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. पुण्यात नोकरी करते. तिथे तिला एक मुलगा आवडला. तोही जबलपूरचा, तोही मराठी, तोही आमच्यातलाच. म्हणजे भांडायला कारणच उरलं नव्हतं, आणि कारण उरलं नाही की आपल्या लोकांना चैन पडत नाही. मुलाच्या आईने पत्रिका मागवली आणि त्यांच्या विश्वासातल्या ज्योतिषीकाकांपुढे ठेवली. काका निवृत्त कारकून आहेत. कॉम्प्युटरवर पत्रिका काढतात आणि तिच्यावर लाल शाईने शेरे मारतात. मुलीच्या सातव्या घरात, म्हणजे लग्नाच्या घरात, प्लूटो आहे, संसाराची उलथापालथ होईल, असा शेरा त्यांनी मारला. मुलाच्या आईने नकार कळवला नाही, फक्त फोन उचलणं बंद केलं. मुलगा भाचीला म्हणाला, "मम्मी को मना लो यार, मम्मी की मर्ज़ी के बिना मैं नहीं कर पाऊँगा." हा सॉफ्टवेअर इंजिनियर. भाची सुट्टी काढून घरी आली आणि माझ्या खोलीत बसून रडली. तिच्या रडण्याचं मला वाईट वाटलं. कशावरून रडते आहे याचा मात्र संताप आला.

हा पराक्रम आपणच करू जाणो. आम्ही दीक्षितपुऱ्यात राहतो. शेजारच्या पंडितजींच्या पत्रिकेत नऊच ग्रह असतात, त्यांना प्लूटो विचारला तर ते "कौन प्लूटो?" म्हणतील. आपण मराठी माणसं पुढारलेली. परदेशात कुणी दुर्बिणीतून नवा गोळा पाहिला की आपण त्याला लगेच पत्रिकेत खोली काढून देतो. हर्षल आला, नेपच्यून आला, मागून प्लूटोही आला. दुर्बिणीतून दिसला म्हणजे आमचं ज्योतिष शास्त्रीय ठरलं, असं काका मला एकदा गणपतीच्या मांडवात सांगत होते. मी वाटाण्याची उसळ खात होते, म्हणून गप्प राहिले.

मुळात ती यादीच बघा. सूर्य हा तारा, तो यादीत ग्रह. चंद्र उपग्रह, तोही ग्रह. राहू-केतू तर वस्तूच नाहीत, नुसते दोन छेदबिंदू, ते सगळ्यांत वजनदार ग्रह. आणि ज्या पृथ्वीवर उभं राहून हे सगळं चाललंय तिचा पत्ताच नाही. प्लूटो तर एका राशीत तपभर मुक्काम ठोकून बसतो. भाचीच्या बरोबरीच्या सगळ्या पोरांच्या पत्रिकेत तो त्याच राशीत आहे, त्या मुलाच्याही आहे. पण मुलाकडे तो तिसऱ्या घरात, म्हणजे पराक्रमाच्या घरात पडतो, म्हणून मुलगा पराक्रमी. लग्नाला आईची परवानगी मिळवता येत नाही, पण पराक्रमी!

शास्त्रज्ञांचीही मला फार भक्ती आहे असं नाही. ग्रह कशाला म्हणायचं हे त्यांनी हात वर करून ठरवलं, तेही परिषदेच्या शेवटी, बरेच जण घरी निघून गेल्यावर. आमच्या गणपती मंडळाचा खजिनदार असाच निवडतात. ग्रहाने सूर्याभोवती फिरावं, गोल असावं, आणि आपल्या वाटेतला परिसर साफ केलेला असावा, असं ठरलं. प्लूटो तिसऱ्या अटीत नापास झाला. त्या अटीवर आमची गल्लीही नापास होईल. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्यांचं काय, तर ते या व्याख्येत बसतच नाहीत. तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत "अब नौ पढ़ाएँ कि आठ?" यावरून भांडण झालं होतं. मुख्याध्यापकांनी निकाल दिला, "जो किताब में छपा है वही ग्रह." त्या वर्षी पुस्तकं उशिरा आली, म्हणून आमच्या शाळेपुरता प्लूटो थोडा जास्त टिकला.

भाऊ मात्र हे सगळं मोबाइलवर पाहून उजळून घरी आला. त्याचं रिछाईला नट-बोल्टचं छोटं युनिट आहे. केसाएवढा फरक असला तरी तो बोल्ट बाजूला फेकतो.

"ताई, रस्ता सापडला," तो म्हणाला. "प्लूटो ग्रहच नाही आता! काढून टाकला त्याला. मग दोष कसला? तू त्यांच्यासमोर सांग. तू सायन्सवाली, तुझं ऐकतील ते."

"मी काहून सांगू?" मी म्हणाले. "ग्रह असला काय, नसला काय, तो तिथे बर्फ होऊन पडलाय. त्याला तुझ्या मुलीचं नावही माहीत नाही. हे सांगते ना."

"हे नको सांगू!" तो घाबरला. "त्यांचा अपमान होईल. बस इतकंच सांग, ग्रह नाही. झूठ तो नहीं है ना?"

झूठ नव्हतं, तीच तर अडचण होती. जन्मभर शिकवलेली खरी गोष्ट एका थापेला टेकू म्हणून वापरायची होती. मी नाहीच म्हणणार होते. पण भाची दारात उभी होती. मराठी तिला समजतं, बोलताना अडखळते. "आत्या, बोल दे ना," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

इथे मला माझ्याबद्दल सांगितलंच पाहिजे. माझ्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ आहे. तोफांच्या कारखान्यात नोकरी करणारा एक मुलगा होता. त्याला मी पसंत होते आणि मला तो. त्याच्या आईने पत्रिका परत पाठवली, तो काही बोलला नाही. वडिलांनी ग्वारीघाटावर नर्मदेकाठी मंगळाची शांत करवली, पुढच्या दोन पत्रिकाही परत आल्या, मग मीच वडिलांना पुरे म्हणाले. मंगळावर माझा राग कधीच नव्हता, तो बिचारा लाल धुळीचा गोळा. राग माणसांवर होता, आणि तो मी व्यवस्थित सांभाळून ठेवला आहे. फक्त माझ्या वेळी अपील करायला जागा नव्हती. मंगळ ग्रह आहे याबद्दल जगात कुणालाच शंका नव्हती.

भावाने काकांनाच मध्ये घातलं, आणि रविवारी सकाळी आमच्या घरी सुनावणी भरली. मुलाची आई आली, काका आले. मुलगा आला नाही, त्याला म्हणे काम होतं. पोहे आणि खव्याची जलेबी मांडली गेली. काकांनी आधी जलेबी संपवली, मग पत्रिका उलगडली.

"ताई, तुमचा अधिकार मी मानतो," ते मला म्हणाले. "आता तुम्हीच सांगा, प्लूटो ग्रह आहे की नाही?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भाची ट्रे घेऊन उभी होती.

"नाही," मी म्हणाले. "बटुग्रह आहे तो. ग्रहांत मोजत नाहीत."

"नक्की?"

"पुस्तकात छापलंय."

काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बाजारात भाव तोडावा तसा निकाल दिला. "चलो, तज्ज्ञ म्हणतात तर प्लूटो सोडून देऊ. हर्षल-नेपच्यून मात्र मी सोडणार नाही. पण ते मुलीला चांगले आहेत." आणि त्यांनी स्वतःच्याच शेऱ्यावर लाल शाईने काट मारली. ज्याने कालपर्यंत एका घराची उलथापालथ करायची होती तो एका रेघेत निरुपद्रवी झाला. मुलाच्या आईने पहिल्यांदा पोह्यांना हात लावला. ती बाई वाईट नव्हती. तिला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तिने माझ्या भाचीला महिनाभर रडवलं.

काका खुशीत आले होते. "आज प्लूटो गेला," ते म्हणाले, "कल को बोलेंगे मंगल भी ग्रह नहीं है!" आणि स्वतःच हसले.

आमच्या घरातलं कुणी हसलं नाही. भाऊ चमच्याकडे बघत राहिला. मुलाच्या आईच्या लक्षात काहीतरी आलं. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, आणि खरोखरच्या मायेने विचारलं, "ताई, तुमचं राहूनच गेलं का हो? मंगळ होता?"

"होता," मी म्हणाले. "अजून ग्रहच आहे तो."

माझी जीभ आता सुटणार होती. इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं ओठांवर आलं होतं. बर्फाचा गोळा, धुळीचा गोळा, तिचा पराक्रमी मुलगा, काकांची लाल शाई, सगळं. पण त्या बाईने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मुलीची अख्खी पत्रिका समोर उघडी पडलेली असताना ती माझ्याकडून भाचीकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "पण हिला नाही ना मंगळ?"

"नाही," मी म्हणाले. भावाने तोंड उघडायच्या आत म्हणाले. "हिला मुळीच नाही. तुम्ही बघा ना, पत्रिकेतच लिहिलंय."