थिनर, क्रीम आणि वहिनीचे हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि आता सांगतेय म्हणून कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवत 'जाऊ दे गं' म्हणू नये — मला ते चालणार नाही.

हाटकेशला इमिटेशन ज्वेलरीच्या एका गाळ्यात मी सुपरवायझर आहे. बायका दागिन्यांवर खडे चिकटवतात, बाहेर आलेला गोंद थिनरच्या बोळ्याने पुसतात. हातमोजे घातले की बारीक खडा चिमटीत येत नाही, म्हणून मोजे कुणीच घालत नाही. मग मालकांनी क्रीम आणली — थिनर कातडीत कमी मुरावं म्हणून. डब्यावर हिंदीत स्पष्ट लिहिलं होतं, कामाआधी धुतलेल्या, कोरड्या हातांना लावा. मी ते वाचलं होतं.

पण क्रीमच्या बोटांचे डाग पॉलिशवर उठायला लागले. माल परत आला, बोलणी मी खाल्ली. मग मी काय केलं — डबा कपाटात ठेवला आणि घरी जायच्या वेळी सगळ्यांना बोटभर क्रीम वाटायला लागले. कामानंतर! थिनर मुरलेल्या हातांवर. उपयोग शून्य, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

त्या बायकांत माझी सख्खी वहिनी होती. खारी गावातल्या माझ्या माहेरच्या घरातून मीच तिला कामाला नेलेली. तिच्या बोटांना भेगा पडल्या, रक्त यायला लागलं.

"मीठ लागला तरी आग होते गो बाय," ती एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "रोज तुझी क्रीम लावते, तरी बरा न्हाय."

आणि मी? मी म्हटलं, तुझी कातडीच नाजूक. घरीही तेच सांगितलं. आईला तर निमित्तच मिळालं — मिठागरात राबलेल्या घरात ही कुठली नाजूक आली! मी ऐकत होते. ऐकत जेवत होते. भाकऱ्या वहिनी थापत होती, त्याच हातांनी.

तिने काम सोडलं. टोमणे अजून सुटलेले नाहीत.

कारणं माझ्याकडे ढीगभर आहेत, एकही देणार नाही. माफीही मागणार नाही — मागितली तर ती लगेच देईल, आणि मी सुटेन. ते नकोय मला. रविवारी सगळे जेवायला बसले की आईसमोर, भावासमोर सांगणार आहे. वहिनीच्या कातडीत काहीच खोट नव्हती. मला माहीत होतं.