शेठचा रुसवा

प्राणिसंग्रहालयातल्या म्हाताऱ्या अस्वलाला ‘शेठ’ हे नाव काकूंनीच ठेवलं. दुसरं काय ठेवणार? खाणं झालं की भिंतीला पाठ लावून, पोटावर पंजे ठेवून असा बसायचा, की आता कोणीतरी येऊन पाय दाबून द्यावेत! काकू त्याच्या राखणदार. घरी नवऱ्याने भाजी बघून तोंड वाकडं केलं तर “नको असेल तर ऊठ” म्हणणारी बाई, पण शेठपुढे पार विरघळायची.

शेठचं हृदय कमजोर होतं. औषध किती द्यायचं ते रक्त तपासल्याशिवाय कळत नसे, आणि जाग्या अस्वलाचं रक्त काढणं म्हणजे काही खायचं काम नाही. काकूंनी खपून खपून त्याला शिकवलं होतं. जाळीला बसवलेल्या लोखंडी नळीत हात घालायचा, आतला दांडा घट्ट धरायचा, डॉक्टर सुई टोचणार आणि काकू जाळीतून उकडलेल्या रताळ्याच्या फोडी भरवणार. दांडा सोडला की फोडी बंद. रताळ्यावर स्वारी बेहद्द खूश असायची.

मागच्या खेपेला शीर काही सापडेना. सुई पुन्हा पुन्हा टोचावी लागली. शेठ कण्हला, पण दांडा सोडला नाही त्याने. काकूंच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या दिवशी त्या घरून मधाची डबी घेऊन आल्या आणि सरावाच्या वेळी रताळ्याऐवजी मधात बुडवलेला खजूर दिला. मग काय, महिनाभर लाडच लाड! शेठ फुगत चालला तेव्हा डॉक्टरांना कळलं. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी असे भडकले की काकूंना तोंड लपवायला जागा उरली नाही. मध त्या क्षणापासून बंद.

आणि दुसऱ्याच सकाळी शेठला धाप लागली. दोन पावलं टाकली की जीभ बाहेर. औषध बदलायचं तर रक्त आजच हवं होतं, तेही ऊन चढून धाप आणखी वाढायच्या आत. त्याने हात दिला नाही तर भुलीची बंदूक होतीच, भरून भिंतीला टेकवून ठेवलेली. पण असल्या हृदयाला भूल दिली तर तो परत उठेल का, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती.

काकूंनी रताळ्याची फोड पुढे केली. “ये रे राजा, हात घाल बघू.”

शेठने हात घातला, दांडा धरला. फोड ओठांत घेतली, चावली नाही, तशीच खाली टाकली. काकूंचा डावा हात हुंगला, कारण डबी त्याच हातात असायची. मग उजवा हुंगला. मग जाळीला नाक लावून त्यांचा एप्रन हुंगला. काहीच नाही! त्याने नळीतून हात उपसला आणि जाळीवर असा पंजा हाणला, की मदतीला उभे असलेले पिंजऱ्यांवरचे मुकादम थेट दारापर्यंत मागे सरकले.

“तुम्हीच डोक्यावर बसवलंय त्याला,” मुकादम म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो!”

काकूंनी पुन्हा फोड धरली. या वेळी शेठने नळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यात जाऊन पाठ केली, स्वतःचाच पंजा चोखत रडका सूर धरला. रागाने धाप आणखी वाढली. पाठ भात्यासारखी वरखाली होत होती.

“डॉक्टर, एकच थेंब देऊ? तुमच्या पाया पडते.”

“आणि उद्या? उद्याही रक्त लागणार आहे, काकू. परवाही. आज त्याला मध दिलात तर रोज द्यावा लागेल. तोच त्याचा जीव घेईल.”

ऊन खिडकीतून आत सरकलं होतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग बंदुकीकडे पाहिलं.

“उचला ते सगळं. आता भूलच द्यावी लागेल,” ते हळूच म्हणाले. मुकादमांनी जीव मुठीत धरून जाळीजवळचं रताळ्याचं भांडं उचललं. शेठचा सूर थांबला. मान वळली.

“थांबा!” काकू म्हणाल्या. “एक फोड द्या त्याला.”

“मी? माझी बोटं जड झालीत का मला?”

“चिमट्याने द्या, पण द्या!”

मुकादमांनी लांबूनच चिमटा पुढे केला. शेठ उठून आला आणि त्याने फोड मचमच करत खाल्ली. दुसरीसाठी तोंडही उघडलं! काकूंनी घाईघाईने भांडं ओढून घेतलं, स्वतः फोड दिली. त्याने ती थुंकली आणि गुरगुरला.

रताळं तेच होतं. मुकादमांनी त्याला कधी मध दिला नव्हता, म्हणून त्यांच्याकडून रताळं मिळालं तरी त्याला चालत होतं. काकूंकडून मात्र त्याला मधच हवा होता, आणि तो मिळाला नाही की राग. काकूंना हे आता कळलं.

“मी इथे असले तर तो माझ्याकडे मधच मागत राहील, हात देणार नाही,” त्या म्हणाल्या. भांडं त्यांनी मुकादमांच्या हातात कोंबलं. “दांडा धरला की ‘शाब्बास’ म्हणा, मगच फोड द्या. आवाज चढवू नका. घाबरलात तरी घाबरल्याचं दाखवू नका.”

त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि घमेली धुवायच्या हौदावर बसल्या. आतून काहीच ऐकू येईना. मग मुकादमांचा कापरा आवाज आला, “शाब्बास, शेठ... शाब्बास...” मग पुन्हा शांतता. पदराचं टोक पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली.

डॉक्टर बाहेर आले. हातातल्या काचेच्या नळीत गडद लाल रक्त होतं. “पहिल्याच खेपेला मिळालं!”

काकू तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडल्या. डॉक्टरांनी नळीला बूच लावलं. “काकू, उद्यापासून...”

“मुकादमच देतील. कळलंय मला.”

तेवढ्यात आतून मुकादमांची हाक आली, लहान पोरासारखी हरखलेली. “अहो काकू, या की लवकर! पठ्ठ्या माझा हात चाटतोय!”

काकू चटकन उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीला हात घातला आणि तसाच काढून घेतला.

“नको,” त्या म्हणाल्या. “माझा वास येईल त्याला.”