भावाचा बोलणारा प्रोग्राम

माझा थोरला भाऊ धुळ्यात एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होता. दृष्टी लहानपणीच गेलेली. त्याच्या टेबलावरच्या संगणकात एक जुना प्रोग्राम होता. नंबर, विभाग, आलेले निरोप, सगळं त्यात; आणि तो ते स्वतःच मराठीत बोलून दाखवायचा, नाकातल्या आवाजात. भाऊ तो इतक्या वेगात ऐकायचा की शेजारच्याला नुसती कुजबुज वाटे.

मग कार्यालयात नवे संगणक आले. शिपायाने भावाला दारातच सांगितलं, "भाऊ, बठ्ठं नवं शे आते." सगळंच नवं, आणि त्याचा प्रोग्राम त्यावर उघडेना. त्याने मला फोन केला. जळगावात पिंप्राळ्याला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात यातला शहाणा मीच.

प्रोग्राम सोळा बिटांच्या जमान्यातला, यंत्र चौसष्ट बिटांचं. सरळ चालणं शक्यच नव्हतं. नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करायचा आणि त्यात तो चालवायचा, एवढीच वाट होती. भाऊ म्हणाला, "नव्यातही वाचून दाखवणारं काहीतरी असतं म्हणतात. ते शिकू का मी?"

"कशाला? तुझंच चालू करून देतो. थोडा थांब."

तो थांबला. दोन महिने. दर शनिवारी मी जळगावहून जायचो, कधी आवाज अडखळायचा, कधी मुळीच यायचा नाही. तेवढे दिवस फोन दुसरा कारकून घ्यायचा आणि भाऊ शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचा. मी मात्र रंगात आलो होतो. असलं काम दुकानात कुठे मिळतं!

एका शनिवारी तो नाकातला आवाज स्पष्ट उमटला. भाऊ मोठ्याने हसला. लोक जमले, कुणी चहा मागवला. कौतुक मी घेतलं.

पुढच्याच आठवड्यात वरच्या कार्यालयातून संगणक विभागाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी ते सगळं काढून टाकलं. मी तावातावाने गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत ती तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने ऑफिसच्या नेटवर्कला जोडली, तर तुम्ही काय सांगाल?"

काढा म्हणूनच सांगितलं असतं. 

"त्यांना नव्यातला वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकवलात का?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोललो. म्हणालो, त्याला जमत नाही.

हे भावाच्या समोर बोललो. त्याने फक्त मान माझ्याकडे वळवली.

माझंच वाक्य पुढे कार्यालयाच्या कामाला आलं. फोनचं टेबल त्या कारकुनाकडे कायम झालं आणि भावाला पाकिटं चिकटवायला बसवलं. सहा महिन्यांत त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली.

आता तो मोबाइलमधल्या तसल्याच वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर रोज पेपर ऐकतो. त्याच्या मुलीने शिकवलं. मागच्या उन्हाळ्यात मी विचारलं, अवघड गेलं का?

"दहा दिवस लागले रे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. मोबाइल बिघडला की तो धुळ्यातच कुणाकडे तरी देतो. मला विचारत नाही.