शेजारच्या खुर्चीवरची माफी

इथे जर्मनीत आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसला जातो. दारात नर्स प्रत्येकाला विचारते, खोकला, ताप? हो म्हटलं की कोपऱ्यातल्या खोलीत एकट्याची रवानगी होते. गेल्या हिवाळ्यात माझा घसा धरला होता.

"अहो, खरं सांगा त्यांना," बायको गाडीतच म्हणाली.

"साधी सर्दी आहे गं. चार तास भिंतीकडे बघत बसू?"

पॅरासिटामॉल घेऊन मी आत गेलो आणि नर्सला 'आलेस गुट', सगळं ठीक, म्हणालो. शेजारच्या खुर्चीवर नेहमीचे जर्मन आजोबा होते. हल्ली लोकांना जबाबदारीच कशी उरली नाही, यावर आम्ही तासभर बोललो. माझा मास्क हनुवटीवर होता.

पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. फ्लूमुळे इस्पितळात दाखल होते. आमच्यासारख्यांना किरकोळ विषाणूही खाटेवर पोचवतो, हे मला पाठ होतं. मी चाचणी केली नव्हती. न केलेली चाचणी कधी पॉझिटिव्ह येत नाही.

तीन आठवड्यांनी ते परतले, निम्मे होऊन. मी कबुलीजबाब जर्मनमध्ये घोकून ठेवला होता. पण तेच आधी बोलले.

"नातवाकडून आला असणार मला. त्या दिवशी तुमच्या शेजारीच होतो मी. तुम्हाला नाही ना झाला माझ्यामुळे? इस्पितळात फार अपराधी वाटत होतं."

घोकलेलं सगळं मी गिळलं.

"हो, थोडासा," मी म्हणालो. "पण मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी दोनदा माझे आभार मानले. दोन्ही वेळा मी ते स्वीकारले.