नर्मदाकाकीचा तांडेल

नर्मदाकाकीच्या घरी एक सरडा होता आणि त्याचं नाव तांडेल होतं.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी पंचवीस-तीस घरांची एक वाडी. तिथं काकी राहायची. पोरबाळ नाही, सासू-सासरे केव्हाच गेलेले, नवरा सत्यवान गलबतावर खलाशी. मंगळूरची कौलं आणि होन्नावरची लाकडं भरून मुंबईला न्यायची, असं त्यांच्या गलबताचं चालायचं. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून माणूस जायचा तो मधे एखादी रात्र बंदरात उतरला तर उतरला, नाहीतर थेट मिरगाच्या तोंडावर, पाऊस लागायच्या बेतात घरी. मागे काकी सुंभ वळायची. सकाळी आंघोळ, तुळशीला पाणी, दोन घास पेज, मग काथ्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसायची ती दिवस कलेपर्यंत. सोमवारी रामेश्वराच्या देवळात दिवा लावायला जायची. नवऱ्याबद्दल देवाला काय सांगायची ते तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

अशाच एका मिरगाला सत्यवान घरी आला तो पिशवीतून सरडा घेऊन. हिरवागार, वीतभर लांब, शेपटीची गुंडाळी केलेला. एक डोळा काकीकडे आणि दुसरा चुलीकडे.

"देवा रे! ह्या काय हाडलात?" काकी मागं सरली.

"लाकडांत गावलो. मुंबैक जाऊन काय करतलो? घेतलंय बरोबर."

सत्यवानानं सरड्याला खाली ठेवलं. त्यानं पाय उचलला, पुढं नेला, मागं घेतला, परत पुढं नेला. दोन महिने बोटीवर काढलेला माणूस किनाऱ्यावर उतरला की जमीन हलते असं वाटून जसा झोके खात चालतो, अगदी तसा.

"बघ बघ," सत्यवान हसून लोळायचा बाकी राहिला, "तांडेलच दिसता! बावीस वर्सां गलबतावर मी तांडेलांचो हुकूम ऐकलंय. आता एक तांडेल माझा ऐकतलो."

सगळा पावसाळा तांडेल सत्यवानाच्या खांद्यावर नाहीतर पडवीतल्या दोरीवर. माश्या त्यानं अशा टिपल्या की परड्यातला ओला कचरा उचलायची काकीला घाई उरली नाही. तरी ती त्याला हात लावायची नाही. सरडा अंगावर पडला तर आंघोळ करावी लागते, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

नारळी पौर्णिमेला निघताना सत्यवान थट्टेत म्हणाला, "हेका सांभाळ गो. हो बरो तर मी बरो, असा समज."

तो हसत हसत गेला. काकी मात्र हसली नाही. तिनं ते शब्द पदराच्या गाठीला बांधल्यासारखे जपले.

तांडेलाला तिनं तुळशीजवळच्या जास्वंदीवर ठेवलं. महिन्याभरात हात लावायचा धीरही झाला; आंघोळीच्या आधी उचलायचा, म्हणजे विटाळ नको. आठ महिने तो तिथं सुखात होता. चैत्रात मात्र एके दुपारी कावळ्यानं त्याच्या शेपटीवर चोच मारली. काकी काथ्या टाकून धावली, कावळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तांडेलाला उचलून घरात आणलं. पडवीच्या दोन खांबांना पेरूची फांदी बांधली. खाली गुळाचा खडा ठेवला, माश्या याव्यात म्हणून. आणि फांदीला लागूनच चकचकीत घासलेल्या पितळी वाटीत पाणी.

पाच-सहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी काकी उठून बघते तर तांडेल काळपट पडलेला. भरदिवसा डोळे मिटलेले, आणि ते डोळे खोल गेलेले, आजारी म्हाताऱ्यासारखे. काकीनं बोटानं ढोसलं तर फांदीवरची पकड सुटून तो तिच्या ओंजळीतच आला. वजन असं नाहीच.

हो बरो तर मी बरो, हे काकीला आठवलं. गलबत त्या वेळी कुठं असेल? होन्नावर? कारवार? मधेच कुठं वारं अंगावर घेत असेल? तिनं मनातलं ते चित्र तिथंच बंद केलं आणि तांडेलाला जुन्या लुगड्याच्या घडीवर ठेवलं.

तेवढ्यात शेजारची हौसाबाई विस्तव न्यायला आली. हौसाबाई मासे विकायची; तिचा हळू आवाजही बाजारात ऐकू जाईल असा.

"नर्मदे, सरडो मरता तर मरांदे. भायर ठेव तेका. घरात मेलो तर गोमूत्र शिंपडत बसशीत."

"मरूचो नाय तो."

"तू काय डाक्टर?"

"आणि तू गो?" काकी इतकी फाडकन बोलली की हौसाबाई विस्तवाची खापरी हातात घेऊन खालीच बसली.

"अगो, एका सरड्यासाठी माका खातंस?"

काकीचे डोळे तांडेलावरून उठून उंबऱ्यापलीकडे, खाडीकडे गेले. हौसाबाईचा नवराही दर्यावर होता. तिनं विस्तव चुलीत परत टाकला आणि पदर खोचला. "बरा. दृष्ट काढूया. मीठ-मिरची खंय आसा?"

दृष्ट काढली. मिरच्यांचा असा ठसका उठला की दोघी बायका, दारातली कोंबडी आणि रस्त्यानं जाणारा एक परका माणूस असे सगळे खोकत सुटले. तांडेलानं एक डोळा उघडला, दोघींकडे बघितलं आणि परत मिटला.

"दृष्ट लय मोठी होती," डोळे पुसत हौसाबाई म्हणाली.

मग दोघींनी काय काय केलं नाही! पितळी वाटीऐवजी तांब्याची ठेवली. पाण्याऐवजी दूध ठेवलं. हौसाबाईनं घरून सुक्या जवळ्याची मूठ आणली. ओव्याचं पाणी झालं, कोकमाचं सार झालं. वाटी नाकाशी नेली की तांडेल तोंड फिरवायचा.

"ह्याच्यापरीस माझी सासू बरी," हौसाबाई म्हणाली, "ती निदान शिव्या घालून तरी खाय."

काकीला त्या काळजीतही हसू आलं. असं करता करता दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सोमवार. काकीनं सुंभाला हात लावला नाही. टोपलीत केळीचं पान घातलं, त्यावर तांडेल ठेवला, नारळ घेतला आणि रामेश्वराकडे निघाली. हौसाबाई माशांची पाटी घरी ठेवून मागोमाग.

काशीराम गुरव नुकताच पूजा आटोपून बसला होता. नारळ बघून उठला.

"काय गो नर्मदे, गाऱ्हाणा घालूचा आसा? कोणासाठी?"

काकीनं टोपली पुढं केली. काशीराम वाकून बघतो तर पानावर सरडा. त्यानं आधी काकीकडे बघितलं, मग हौसाबाईकडे.

"माझ्याकडे कित्याक बघतंस? मी नाय आजारी," हौसाबाई म्हणाली.

काशीरामनं मिशीतलं हसू मिशीतच ठेवलं. त्याला काकीचा चेहरा दिसला होता. "देवाच्या दारात इलो म्हणजे आपलोच तो. कोणाच्या घरचा म्हणून सांगू?"

काकी नवऱ्याचं नाव कसं घेणार? काशीरामच म्हणाला, "रवांदे. ठाऊक आसा माका." त्यानं नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात सुरू केलं:

"बा देवा रामेश्वरा! ही तुझी लेक नर्मदा, सत्यवान खलाश्याची घरकारीण, आज तुझ्या पायाकडे इली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हौसाबाई एकटीच दहा माणसांएवढी ओरडली.

"तिच्या घरातलो हो मुको जीव तीन दिवस अन्न-पाणी घेणा नाय. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल, आणि तेका बरो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्याचो जीव दर्यावर आसा, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

हे काकीनं सांगितलं नव्हतं. "व्हय म्हाराजा" म्हणायचं विसरून ती देवाकडे बघत राहिली.

काशीरामनं नारळ वाढवला, तांब्यातल्या तीर्थात बेलाचं पान बुडवून टोपलीवर शिंपडलं. थेंब केळीच्या पानावर पडले, तांडेलाच्या डोक्यावर पडले, एक त्याच्या नाकाडावरून ओघळत ओठांपाशी आला.

तांडेलाचं तोंड उघडलं. त्यानं थेंब चाटला. मग पानावरचा दुसरा. मग मान वर करून थांबला, पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"काशीरामदादा, आणखी घाला!" काकी ओरडली.

काशीरामनं तीर्थाचा तांब्या जवळजवळ रिकामा केला. हौसाबाईनं हात जोडले. "देव पावलो गो बाये, देव पावलो!"

काकीनंही हात जोडले. पण नमस्कार करता करता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जास्वंदीवर असताना रोज सकाळी ती तुळशीला आणि मग जास्वंदीला पाणी घालायची, ते वरून, पानांवरून. घालून झालं की डोळे मिटून हात जोडायची. तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर तांडेल आठ महिने पानापानावरचे थेंब पीत होता! साठलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नव्हतं. पितळी असो की तांब्याची, वाटी त्याच्या लेखी नुसतं भांडं.

"देवान दाखवलान," ती हळूच म्हणाली, "माझेच डोळे मिटलेले होते."

त्या दिवसापासून जास्वंदीभोवती जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तंबू आला, कावळ्यासाठी. काकी सकाळ-संध्याकाळ फांद्यांवर पाणी शिंपायची, डोळे टक्क उघडे ठेवून. चार दिवसांत तांडेल पोपटी झाला, आठव्या दिवशी त्यानं काकीच्या नाकावर बसलेली माशी टिपली. हौसाबाई बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला गाऱ्हाण्याची हकीकत सांगायची, आणि दर वेळी तांडेल थोडा जास्त मेलेला असायचा.

मिरगाआधी तीन दिवस सत्यवान घरी आला. काळा पडलेला, वाळलेला, पण धड. काकीनं आधी त्याला ताट वाढलं, मग सगळं सांगितलं. फक्त ती कशाला घाबरली होती, तेवढं सोडून.

सत्यवान जेवून उठला. पडवीच्या कडेला हात धुतले आणि जास्वंदीपाशी जाऊन ओली बोटं तांडेलावर झटकली. तांडेल आनंदानं चाटायला लागला.

काकी बघतच राहिली. "तुमका ठाऊक होता?"

"सगळो पावसाळो असाच पाणी पाजीत होतंय. तुका सांगूक इसारलंय वाटता."

"इसारलात?" काकीच्या हातातलं भांडं खाली आपटलं. "तीन दिवस माझ्या पोटात अन्नाचो कण नाय! जाताना काय सांगून गेलात? हो बरो तर मी बरो!"

सत्यवानाला ते आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्याचं हसू उतरलं. "तां तू खरा मानलंस?"

काकीनं पदरानं तोंड पुसलं, भांडं उचललं.

"आता आयका," ती म्हणाली, "फुडल्या खेपेक तुमचो जीव कोणात ठेवूचो तो ठेवा. पण तेका पाणी कसा पाजूचा, ता आधी सांगून जावा."