आतला स्वेटर

मुलगी पोर्तुगालला शिकायला जाणार हे ठरलं आणि आमच्या घरात सगळ्यात आधी थंडी आली. सप्टेंबर होता, दुबईत बाहेर बेचाळीस अंश, आणि मी सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर लोकरीचे कपडे पसरून घाम पुसत बसले होते.

दक्षिण युरोप म्हणजे ऊन, समुद्र आणि संत्री, असं मुलीचं म्हणणं. तिने बॅगेत सहा टी-शर्ट टाकले आणि म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट अंटार्क्टिका." मी फोनवर तिथला जानेवारी काढून दाखवला. रात्री पाच अंश, आणि पाऊस.

खरं सांगायचं तर मला थंडीची तेवढी काळजी नव्हती. अठरा वर्षं मी या मुलीला काहीबाही सांगत आले. तिने दर वेळी मान हलवली आणि कानातले इअरफोन तसेच ठेवले. आता ती एकटी राहणार, आणि माझं एक तरी वाक्य तिच्या डोक्यात शिरलंय का, हे कळायला मला काही मार्गच नव्हता. त्या धास्तीने मी स्वेटर मोजत होते.

माझं सगळ्यात जुनं वाक्य म्हणजे, "आत जाताना स्वेटर घ्यायचा." इथल्या मुलांना थंडी ठाऊक असते ती इमारतींच्या आतली. मॉल, सिनेमा, शाळेची बस, सगळीकडे एसीने हुडहुडी भरते आणि बाहेर पडलं की भाजून निघतो. भर जुलैत हातात स्वेटर घेऊन मी तिच्यामागे पार्किंगभर धावलेली आहे. तिने तो कधी सुखासुखी घेतला नाही.

नवऱ्याचा खाद्यपदार्थांचा धंदा आहे. इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गोदामात कोल्डरूम आहे आणि तिच्या दारावरचा आकडा चार अंश दाखवतो. "तिथे पाच ना? आपण तिला चारमध्ये टेस्ट करू," नवरा म्हणाला. माल तपासल्याशिवाय पाठवायचा नाही, ही त्याची सवय.

मग एका शनिवारी मुलीला नवं जाकीट चढवून आम्ही श्रीखंडाच्या डब्यांमध्ये उभं केलं. वीस मिनिटं, घड्याळ लावून. आमचा केरळी स्टोअरकीपर दारापाशी अस्वस्थ उभा होता. "मॅडम, बेबी ने कुछ गलती किया क्या?"

"नहीं, यूरोप जा रही है," मी म्हटलं. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मुलगी लाल नाक घेऊन बाहेर आली. "आय ॲम फाइन. कॅन वी गो?" म्हणाली आणि गोदामाला लागून असलेल्या माझ्या ऑफिसात, माझ्या खुर्चीत जाऊन बसली. जाकीट पास झालं.

विमानाची मर्यादा तेवीस किलो. कुकर, मेतकूट आणि गोडा मसाला यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी बॅगेत भरलेले दोन्ही स्वेटर आणि लोकरीचे मोजे बाहेर काढले. "घरात कशाला लागतंय? युरोपातली घरं उबदार असतात," मी ठणकावून सांगितलं. "यल्ला, खलास," म्हणजे चला, झालं, असं म्हणत नवऱ्याने चेन ओढली.

तयारीच्या धावपळीत ऑफिसला जाणं झालंच नव्हतं. तिला विमानात बसवून दोन दिवसांनी गेले, तर माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर गायब. एसी नवऱ्याच्या मर्जीने चालतो, म्हणून मी तो वर्षानुवर्षं तिथेच ठेवते. तपकिरी, कोपरावर विरलेला, फुकट दिला तरी कुणी नेणार नाही असा. मी सगळ्यांवर डाफरले. स्टोअरकीपरने बिचाऱ्याने श्रीखंडाच्या मागेसुद्धा शोधलं. नवऱ्याने नवीन आणून दिला, तो मला टोचतो.

जानेवारीत मुलीचा व्हिडिओ कॉल आला. खोलीत दगडी फरशी, भिंतीला ओल, हीटरचा पत्ता नाही. "मम्मा, इट्स वॉर्मर आउटसाइड," ती म्हणाली. आमचं पास झालेलं जाकीट मागे खुंटीवर होतं. पावसात भिजलेलं, तीन दिवस वाळलंच नव्हतं. कोल्डरूममध्ये पाऊस पडत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आणि तिच्या अंगावर माझा तपकिरी स्वेटर.

"चोरलास?"

"बॉरोड. दॅट सॅटर्डे."

मी रागवायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या शेजारी ब्लँकेट पांघरलेली एक उंच मुलगी येऊन बसली. पलीकडच्या खोलीतली, फिनलंडची. बर्फाच्या देशातून आलेली पोर घरात कुडकुडत होती. "शी पॅक्ड ओन्ली फॉर आउटसाइड," माझी मुलगी म्हणाली. "सो आय टॉट हर युवर रूल."

ती उंच मुलगी सरसावून बसली आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "आत जाताना स्वेटर घ्यायचा."

आयुष्यभर हे सांगणाऱ्या मीच मुलीच्या बॅगेतले स्वेटर काढले होते, आणि तिने मात्र ते लक्षात ठेवलं होतं. माझे डोळे भरून आले. स्वेटर परत मागायचा मी नाद सोडला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर आधी स्टोअरकीपरची माफी मागितली.