दामलेबाई आणि फुटका बांध

दामलेबाई कामशेतला गाडीतून उतरल्या की पहिलं काम म्हणजे चपला काढून पिशवीत! नदी तिथून कितीतरी लांब, पण बाई अनवाणीच. काठावर पोचलो की त्याच पिशवीतून जुनी वायलची साडी निघायची. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. "धर घट्ट. आणि बडबड करू नकोस. मासे नाही बिचकत, मी बिचकते!"

मी तेव्हा त्यांच्याच कॉलेजात प्राणिशास्त्राची नवी डेमॉन्स्ट्रेटर. बाईंना एकच ध्यास होता: माशांची नखाएवढी पिल्लं नदीत नेमकी राहतात कुठं? वाळूवर, गोट्यांत, गवताखाली? साडीत आली की मोजायची, पाणी किती, तळ कसला ते बघायचं आणि जिथली तिथं सोडायची. उन्हाळ्यात सगळं जमलं. पण पूर आला आणि पिल्लं गायबच! वडिवळ्याला धरण होणार असं सगळीकडे चाललं होतं. भिंत उभी राहिली की ही नदी अशी राहणार नाही, त्याआधी बाईंना उत्तर हवं होतं. साडी रिकामी आली की मी वैतागायचे. त्या म्हणायच्या, "रिकामी साडी हेसुद्धा उत्तरच आहे गं. फक्त लिहिताना जिवावर येतं."

मग त्यांच्या डोक्यात आलं, पिल्लं भाताच्या खाचरात शिरत असतील! पण उभ्या पिकात कोण पाय टाकू देणार? नदीकाठी भात लावणाऱ्या आबांनी साफ सांगितलं, "पीक पोटरीत हाय बाई, लोंबी भाईर यायचीय. कापनीआदी पानी सोडीन तवा या." बाई दर रविवारी बांधावर जाऊन बसायला लागल्या. शेवटी आबाच हसले, "तुमी तर हितलं बुजगावनंच झालाय!"

पाणी सोडायच्या दिवशी बाईंना ताप. तरी आल्या! आबांनी दिमाखात आपलं सगळ्यात देखणं खाचर दाखवलं. बांधाला खाच पाडली, आम्ही साडी धरली. पाणी गेलं. साडीत दोन बेडूक.

"संपलं," मी म्हटलं. बाई बांधाकडेच बघत होत्या. "आबा, एवढ्या धड बांधातून पिल्लू आत शिरणार कसं? पुरात फुटलेलं एखादं खाचर नाही का?"

आबांचा चेहरा पडला. "हाय की खाली. पन ते काय पावन्यास्नी दावायचं? लोक आळशी म्हंत्यात मला."

"मला तेच बघायचंय."

खाली निम्मं गवत, घोटाभर पाणी, नदीच्या बाजूला हे मोठं भगदाड! तिथं साडी धरली आणि काय सांगू, हातातली साडीच थरथरायला लागली. नुसती चांदी! बाई तापात खदखदून हसत होत्या. "आयला, माज्या शेतात?" आबा वाकून बघतच राहिले. सगळी पिल्लं नदीत सोडेपर्यंत बाईंनी कुणाला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

त्याच हिवाळ्यात कावीळ झाली आणि बाई गेल्या.

पुढच्या अश्विनात मी एकटीच गेले. आबांनी आधी माझ्या मागं बघितलं. "मोठ्या बाई न्हाई आल्या?" मी मान हलवली. ते समजले. मला खालच्या खाचराकडे घेऊन गेले. बांध नवा, चापूनचोपून लिंपलेला. फक्त नदीच्या अंगाला हातभर जागा मोकळी सोडलेली.

"लोक हसत्यात," आबा म्हणाले. "म्हनलं, हसू द्या. बाईंची पिल्लं कुटनं येनार मग?"

मी पिशवीतून साडी काढली आणि एक टोक आबांच्या हातात दिलं.